पहिल्या कार्ड टूर्नामेंटची तयारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेडिंग कार्ड गेमच्या पहिल्या स्पर्धेला निघालेली मंडळी हेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. उदाहरणं मुख्यतः मॅजिक: द गॅदरिंग, पोकेमॉन आणि यू-गी-ओ! या तीन खेळांतली आहेत. प्रत्येक खेळाची स्पर्धा-नियमावली वेगळी असते आणि ती बदलतही राहते. जाण्याच्या आदल्या आठवड्यात आपल्या खेळाची ताजी नियमावली एकदा वाचाच.

१. घरी मित्रांबरोबर बरीच वर्षं खेळतोय. स्पर्धेला उतरण्याइतकी तयारी झालीय हे कसं ओळखायचं?

दोन गोष्टी तपासा. आपल्या डेकमधलं (खेळायला जमवलेल्या गठ्ठ्यातलं) कुठलंही कार्ड समोर धरलं तर न वाचता ते काय करतं हे सांगता येतं का? आणि घड्याळ लावून तीन डावांचा सामना पन्नास मिनिटांत संपतो का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर निघा. 'अजून थोडा सराव झाला की जाऊ' म्हणणारे पुढच्या वर्षीही तेच म्हणत असतात.

२. घरच्या खेळात आणि स्पर्धेत नेमका फरक काय? नियम तर तेच ना?

खेळाचे नियम तेच. पण स्पर्धेला त्यांच्यावर आणखी एक नियमावली असते: वेळ, डेकची नोंद, पत्ते पिसणं, बोलणं, शिक्षा, हे सगळं त्यात येतं. स्पर्धा किती गंभीर आहे तेही आधी बघा. मॅजिकमध्ये रेग्युलर, कॉम्पिटिटिव्ह आणि प्रोफेशनल अशा तीन पातळ्या आहेत. रेग्युलरला चूक झाली की जज (म्हणजे पंच) ती दुरुस्त करून देतो आणि खेळ पुढे चालू राहतो. कॉम्पिटिटिव्हला त्याच चुकीची नोंद होते. ताकीद, एक डाव गमावणं, अख्खा सामना गमावणं आणि स्पर्धेतून बाद होणं अशी ती चढती शिडी आहे. फेरी सुरू झाली आणि तुम्ही खुर्चीत नसलात तर एक डाव गेला. दहा मिनिटं झाली तर सामनाच गेला. तुमची पहिली स्पर्धा रेग्युलर पातळीची असेल तर उत्तम, पण ती कॉम्पिटिटिव्ह असली तरी घाबरून नाव मागे घेण्याचं कारण नाही.

३. डेक कोणता न्यावा? इंटरनेटवर सगळ्यात भारी म्हणून गाजतोय तो, की माझा नेहमीचा?

नेहमीचा. गाजणारे डेक खरोखर भारी असतात यात वाद नाही, पण त्यांचा जोर शेकडो डाव खेळलेल्या हातात दिसतो. नवा डेक घेऊन गेलात तर प्रत्येक टर्नला विचार करावा लागतो, त्यात वेळ जातो (प्रश्न ११ पाहा), आणि चौथ्या फेरीपर्यंत डोकं चालेनासं होतं. मात्र गाजणाऱ्या चार-पाच डेकविरुद्ध आपला डेक काय करतो हे आधी खेळून बघा. ते डेक समोर येणारच आहेत.

दुसरं म्हणजे आदल्या रात्री डेक बदलू नका. का, ते प्रश्न ५ मध्ये.

४. डेक किती कार्डांचा असावा? आणि माझी जुनी कार्डं चालतील का?

मॅजिकच्या कन्स्ट्रक्टेड प्रकारात (डेक घरूनच बांधून आणायचा) किमान ६०, साइडबोर्ड, म्हणजे डावांच्या मध्ये अदलाबदलीसाठी वेगळी ठेवलेली कार्डं, जास्तीत जास्त १५, आणि बेसिक लँड (बाकीच्या कार्डांचा खर्च भागवणारी साधी कार्डं) सोडून एकाच नावाची कार्डं चारपर्यंत. पोकेमॉनमध्ये बरोबर ६०, ना एक कमी ना एक जास्त, आणि साइडबोर्ड नाही. यू-गी-ओ!मध्ये मुख्य डेक ४० ते ६०, एक्स्ट्रा डेक (खास कार्डांचा वेगळा गठ्ठा) आणि साइड डेक (इथला साइडबोर्ड) प्रत्येकी १५ पर्यंत, एका कार्डाच्या तीनच प्रती. शिवाय बंदी असलेल्या आणि मर्यादित कार्डांची यादी असते. ती मधूनमधून बदलते, म्हणून नोंदणीच्या दिवशी कुठली यादी लागू आहे ते बघा.

जुन्या कार्डांबद्दल लोक उगाच निराश होतात. मॅजिकमध्ये एखादं कार्ड तुमच्या फॉरमॅटला (कुठले संच चालतात हे ठरवणाऱ्या स्पर्धा-प्रकाराला) चालणाऱ्या संचात पुन्हा छापलं गेलं असेल, तर त्याची जुनी प्रतही चालते. पोकेमॉनच्या हल्लीच्या कार्डांवर खाली डाव्या कोपऱ्यात एक अक्षर छापलेलं असतं. कुठली अक्षरं चालू आहेत यावर कार्डाची वैधता ठरते.

५. डेकलिस्ट (डेकमधल्या कार्डांची लेखी यादी) एवढी महत्त्वाची का असते? डेक तर समोरच असतो की.

कारण स्पर्धेच्या दृष्टीने तुमचा डेक म्हणजे तो कागद. यादी दिल्यावर डेकमध्ये बदल करता येत नाही, आणि दोघांत तफावत निघाली तर शिक्षा तुम्हाला.

माझंच उदाहरण सांगतो. पहिल्या मोठ्या स्पर्धेच्या आदल्या रात्री मी एक कार्ड काढून दुसरं घातलं. यादी आधीच लिहून झाली होती. ती दुरुस्त करायची राहून गेली. तिसऱ्या फेरीत आम्ही पिसून डेक एकमेकांसमोर ठेवले, तेवढ्यात जज आला, दोघांचे डेक उचलून घेऊन गेला. समोरचा मुलगा निवांत फाशांचा मनोरा रचत बसला. दहाएक मिनिटांनी जज परत आला, माझ्या खांद्याशी वाकून हळूच म्हणाला, 'जरा बाजूला येता का?' त्याच्या हातातल्या कागदावर एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. एकही कार्ड न खेळता पहिला डाव गेला. दुसरा मी चिडून खेळलो आणि तोही गेला.

तेव्हा यादी अशी करा: डेक टेबलावर पसरा, एकेक कार्ड हातात घेऊन लिहा, शेवटी बेरीज करा. मग दुसऱ्या कुणाला तरी यादी वाचायला सांगून कार्डं पुन्हा मोजा. कार्डाचं नाव पूर्ण लिहा, आपसातली टोपणनावं नकोत. पोकेमॉनमध्ये प्रत्येक पोकेमॉन कार्डाचा संच आणि क्रमांकही लिहावा लागतो, कारण एकाच नावाची वेगवेगळी कार्डं असतात. ऑनलाइन यादी भरायची असेल तर भरल्यावर डेकला हात लावू नका.

६. स्लीव्ह (कार्डांवरची प्लास्टिकची पाकिटं) नव्या घ्याव्यात का? आहेत त्या जरा मळल्यात.

नव्याच घ्या. प्रश्न स्वच्छतेचा नाही, खुणांचा आहे. मागून बघून एखादं कार्ड ओळखता येत असेल तर ते 'मार्क्ड' धरतात, तुम्ही मुद्दाम केलं नसलं तरी. कोपरा दुमडलेल्या चार स्लीव्ह नेमक्या तुमच्या चार महत्त्वाच्या कार्डांवर निघाल्या, तर जजच्या मनात काय येईल याचा विचार करा. म्हणून स्लीव्ह घालण्याआधी कार्डं पिसून घ्या. म्हणजे एका पाकिटातल्या किंचित वेगळ्या स्लीव्ह एकाच प्रकारच्या कार्डांना जाणार नाहीत.

मॅजिक आणि पोकेमॉनची कार्डं ६३ × ८८ मिलिमीटरची, यू-गी-ओ!ची ५९ × ८६ ची. चुकीच्या मापाची स्लीव्ह आणून दारात हळहळणारे दर स्पर्धेला दिसतात. फॉइल (चकाकती) कार्डं वाकतात. डेक टेबलावर ठेवून बाजूने बघा. एखाद्या ठिकाणी फट दिसत असेल तर त्या कार्डाची साधी प्रत घाला. आणि दहाएक जादा स्लीव्ह जवळ ठेवा.

७. बॅगेत काय काय घ्यायचं?

डेक, डेकलिस्टच्या दोन प्रती, जादा स्लीव्ह, दोन पेनं, छोटी वही, फासे आणि खेळाला लागणाऱ्या खुणा (पोकेमॉनमध्ये डॅमेज काउंटर आणि विषबाधा, भाजणं यांच्या खुणा), प्लेमॅट, खेळाडू म्हणून मिळालेला नोंदणी क्रमांक, पाणी, थोडं खायला. आयुष्याचे गुण (लाइफ) कागदावर लिहा. फाशावर ठेवलेला आकडा बाहीचा धक्का लागला की बदलतो, आणि मग 'चौदा होते की सोळा' यावर दोघांची स्मरणशक्ती पणाला लागते. कागदावर प्रत्येक बदल ओळीने दिसतो. बाकीची किमती कार्डं घरी ठेवा, आणि खेळताना बॅगेचा पट्टा पायात अडकवा.

८. पहिलाच सामना हरलो तर बाहेर का?

नाही. बहुतेक स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. ही पद्धत बुद्धिबळातून आली, १८९५ मध्ये झुरिकच्या एका स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली. कुणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत साधारण तुमच्याइतकेच गुण असलेला खेळाडू समोर येतो आणि एकाच माणसाशी दोनदा गाठ पडत नाही. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, पराभवाला ०.

३२ खेळाडू आणि ५ फेऱ्या धरा, बरोबरी एकही नाही. शेवटी पाचही जिंकलेला एकच उरतो, चार जिंकलेले ५, तीन जिंकलेले १०, दोन जिंकलेले १०, एक जिंकलेले ५ आणि एकही न जिंकलेला एक. यानंतर पहिल्या आठांची बाद फेरी असेल, तर वरचे सहा थेट आत जातात आणि उरलेल्या दोन जागांसाठी तीन-दोन असे दहा जण रांगेत असतात. म्हणजे एक पराभव पचतो, दोन झाले तर टाय-ब्रेकरवर नशीब. खेळाडू विषम असतील तर एकाला त्या फेरीत बाय (न खेळता सुट्टी) मिळतो, तो विजय म्हणून धरतात.

९. टाय-ब्रेकर कसा काढतात? गुण सारखे असून मी खाली कसा गेलो?

मॅजिकमध्ये पहिला निकष असा: तुमच्याशी खेळलेल्यांनी आपापल्या सामन्यांत मिळू शकणाऱ्या गुणांपैकी किती टक्के मिळवले, त्याची सरासरी. ज्याच्याशी तुम्ही खेळलात तो पुढे जिंकत गेला की तुमचाही आकडा वाढतो. पाचांत एकच सामना जिंकलेल्याचे खरे २० टक्के होतात, पण हिशेबात कुणाचेही ३३ टक्क्यांखाली धरत नाहीत, म्हणजे कच्चा खेळाडू वाट्याला आला म्हणून तुमचं फार नुकसान होऊ नये.

यातून एक गोष्ट निघते जी नव्यांच्या लक्षात येत नाही: पराभव किती यासोबत तो कधी झाला हेही मोजलं जातं. पहिल्याच फेरीत हरलात तर पुढे खालच्या गटातले प्रतिस्पर्धी मिळत जातात आणि टाय-ब्रेकर सहसा घसरतो. तोच पराभव शेवटी झाला तर तोवर तुम्ही वरच्या टेबलांवर खेळून आलेले असता.

१०. चार प्रती टाकूनही हवं ते कार्ड येत नाही. माझं पिसणं चुकतंय का?

बहुधा नाही, गणित तसंच आहे. ६० कार्डांत एका कार्डाच्या चार प्रती असतील तर पहिल्या सात कार्डांत किमान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. म्हणजे दहांतल्या सहा डावांत ते सुरुवातीला नसणारच. ४० च्या यू-गी-ओ! डेकमध्ये तीन प्रती आणि पाच कार्डं घेतली तर सुमारे ३४ टक्के. पोकेमॉनच्या डेकमध्ये आठच बेसिक पोकेमॉन (सुरुवातीला थेट मांडता येणारे) असतील, तर पहिल्या सातांत एकही बेसिक नसण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. प्रत्येक वेळी हात दाखवून पुन्हा पिसावं लागतं आणि समोरच्याला एक जादा कार्ड घेता येतं.

आता पिसण्याबद्दल. ५२ पत्त्यांचा जोड नीट मिसळायला साधारण सात वेळा अर्धा-अर्धा करून एकमेकांत घुसवावा लागतो, हे गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं. ६० स्लीव्हवाल्या कार्डांना त्याहून कमी पुरणार नाही. टेबलावर ढीग पाडत जाणं म्हणजे पिसणं नव्हे, ती मोजणी. मॅजिकमध्ये ती डावाच्या सुरुवातीला एकदाच करता येते.

काही जण आधी 'दोन स्पेल, एक लँड' अशी कार्डं लावून मग दोन-तीनदा हलकेच हलवतात. त्यानंतर नीट पिसलंत तर ती रचना मोडते, म्हणजे मेहनत फुकट. मोडली नाही तर ती फसवणूक आहे. दोन्हीकडून तोटाच, ही सवय घरीच सोडून या. आणि समोरच्याचा डेक पिसण्याचा किंवा काटण्याचा तुमचा हक्क प्रत्येक वेळी वापरा. त्यात अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही.

११. वेळ संपली आणि डाव अर्धवट असेल तर?

मॅजिकमध्ये फेरी सहसा पन्नास मिनिटांची. वेळ संपल्याची घोषणा झाली की चालू टर्न पूर्ण होतो, ठरावीक जादा टर्न मिळतात, आणि तरीही निकाल लागला नाही तर तो डाव बरोबरीत. पोकेमॉनमध्ये चालू टर्ननंतर तीन टर्न. वेळ संपल्यावरचे नियम खेळाखेळाला वेगळे, त्यामुळे आपल्या खेळाचे तोंडपाठ करा. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी पान उलटून बघत नाही.

समोरचा फारच वेळ काढत असेल तर 'जरा पटपट घेऊया का?' म्हणा. फरक पडला नाही तर जजला बोलावून लक्ष ठेवायला सांगा, आणि हे चाळीस मिनिटं झाल्यावर नको, पंधराव्या मिनिटाला करा. सावकाश खेळणं ही चूक, तिला ताकीद मिळते. पुढे असताना मुद्दाम घड्याळ खाणं ही फसवणूक, तिला थेट बाहेरचा रस्ता.

१२. जजला बोलावलं तर रडीचा डाव खेळतोय असं वाटणार नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर ठामपणे नाही. हात वर करा, मोठ्याने 'जज!' म्हणा, आणि जज येईपर्यंत खेळ थांबवा. कार्डाचा अर्थ विचारायला, आयुष्याचे गुण जुळत नाहीत म्हणून, नुसतं पाणी प्यायला उठायचं असलं तरी बोलवा. अनुभवी खेळाडू एका स्पर्धेत तीन-चारदा हात वर करतात. नवखे मात्र समोरच्याच्या 'नाही हो, ते असंच चालतं' वर मान डोलावतात आणि घरी गेल्यावर नियम वाचून कपाळाला हात लावतात.

जजचा निर्णय पटला नाही तर नम्रपणे मुख्य जजकडे दाद मागता येते. तिथला निर्णय अंतिम. आपली बाजू सांगताना काय घडलं ते क्रमाने सांगा. समोरचा कसा आहे यावर बोलू नका.

१३. समोरचा त्याच्या कार्डाचा परिणाम विसरला. मी आठवण करून द्यायची का?

इथे बारकावा आहे. मॅजिकच्या कॉम्पिटिटिव्ह स्पर्धेत आपोआप होणारे परिणाम, म्हणजे ट्रिगर, लक्षात ठेवणं ज्याचं कार्ड त्याचं काम. समोरच्याने विसरलेला ट्रिगर तुम्ही सांगितलाच पाहिजे असं नाही. स्वतःचा ट्रिगर मात्र गैरसोयीचा आहे म्हणून मुद्दाम विसरलात तर ती फसवणूक.

पण नियम मोडला जात असेल, म्हणजे समोरच्याने एक कार्ड जास्त घेतलं, खर्च कमी भरला किंवा चुकीची बेरीज लिहिली, तर दिसल्याबरोबर थांबवणं दोघांचीही जबाबदारी. आपल्याला फायदा होतोय म्हणून गप्प बसणं चालत नाही.

१४. आणि चूक माझीच असेल, कुणाच्या लक्षात आली नसेल तर?

लगेच थांबा आणि जजला बोलवा. स्वतःहून सांगितलेल्या चुकीला बहुतेक वेळा ताकीदच मिळते. लपवून मग उघड झालेल्या चुकीसाठी स्पर्धेतून बाद करतात.

१५. साइडबोर्ड वापरताना काय चुकतं?

दोन सामन्यांच्या मध्ये डेक मूळ स्थितीत न आणणं. तिसरा डाव रंगात संपतो, हस्तांदोलन होतं, तुम्ही बाहेर येऊन मित्राला सगळी कथा सांगता आणि डेक तसाच पेटीत जातो. पुढच्या फेरीचा पहिला डाव नोंदवलेल्या मूळ डेकनेच खेळावा लागतो. साइडबोर्ड वेगळ्या रंगाच्या स्लीव्हमध्ये ठेवण्याची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका, ती कार्डं डेकमध्ये गेली की ओळखू येतील (प्रश्न ६). त्यापेक्षा सामना संपल्यावर खुर्ची सोडण्याआधीच साइडबोर्डची पंधरा कार्डं मोजून वेगळी काढा.

१६. शेवटच्या फेरीत दोघं ठरवून बरोबरी करतात ते चालतं का? आणि बक्षीस वाटून घेणं?

मॅजिकमध्ये ठरवून बरोबरी चालते, यू-गी-ओ!मध्ये नाही. प्रश्न ८ मधलंच गणित घ्या. चार फेऱ्यांनंतर चारही जिंकलेले दोघंच असतात, १२ गुणांवर. त्यांनी बरोबरी केली तर १३ गुणांवर दोघं आणि शेवटची फेरी जिंकून १२ वर आलेले चौघं. एकूण सहा, म्हणजे दोघंही न खेळता आठांत.

सामना सोडून देणंही चालतं. चालत नाही ते सौद्याच्या बदल्यात निकाल देणं. 'तू हर, मी बक्षिसातला वाटा देतो' हे वाक्य गंमतीतही तोंडातून काढू नका. नाणं उडवून किंवा फासा टाकून सामन्याचा निकाल ठरवणंही नको. या दोन्हींसाठी थेट बाद होण्यापर्यंत शिक्षा होते, आणि असा प्रस्ताव ऐकून गप्प बसणाराही अडचणीत येतो. समोरच्याने असं काही सुचवलं तर लगेच जज.

१७. जपानी कार्डं किंवा घरी छापलेल्या प्रती चालतात का?

मॅजिकमध्ये अधिकृत कार्ड कुठल्याही भाषेतलं चालतं, समोरच्याला मजकूर हवा असेल तर तो जजकडून मिळतो. यू-गी-ओ!च्या टीसीजी (जपानबाहेर चालणारी आवृत्ती) स्पर्धेत जपानी कार्डं चालत नाहीत. पोकेमॉनमध्ये कुठल्या भाषा चालतील ते स्पर्धा कुठल्या देशात आहे यावर ठरतं. घरी छापलेली प्रत अधिकृत स्पर्धेत कुठेच नाही. मॅजिकमध्ये एक अपवाद आहे: स्पर्धा चालू असतानाच कार्ड खराब झालं तर मुख्य जज त्याच्या जागी बदली कार्ड करून देऊ शकतो. ते त्या स्पर्धेपुरतंच, आणि ते करून देण्याचा अधिकार फक्त त्याचा.

१८. दोन सामने हरलोय, आता काहीच मिळणार नाही. निघून जाऊ का?

जाऊ शकता, पण सांगून जा. निकाल नोंदवताना 'ड्रॉप' करा, नाहीतर पुढच्या फेरीत तुमच्या नावासमोर कुणीतरी रिकाम्या खुर्चीकडे बघत बसेल. मी स्वतः थांबतो. वरच्या टेबलांवर जागा नसली की हात थरथरायचे थांबतात, आणि खालच्या टेबलांवरची मंडळी सामना संपल्यावर 'तू ते कार्ड आधी का नाही टाकलंस?' हे मोकळेपणाने सांगतात. निघण्याआधी ते दोन-तीन शेरे वहीत लिहा, आणि डेक पेटीत घालताना साइडबोर्ड मोजा.